भावोजींचा बंदोबस्त

आमचे भावोजी, म्हणजे माझ्या देवयानीताईचे यजमान रघुवीर, ज्या गावात राहतात त्या गावात चोर नाहीत. हे मी म्हणत नाही, पोलिसांची वेबसाइट म्हणते. भावोजी दर महिन्याला ती उघडतात, नकाशावर आपलं गाव शोधतात आणि तिथे काहीच दिसलं नाही की चष्मा पुसून पुन्हा बघतात. मध्ये एकदा कुणाची तरी सायकल चोरीला गेल्याची नोंद दिसली होती. ती सायकल नंतर पबच्या मागे सापडली, मालकच तिथे ठेवून विसरला होता. तरी भावोजी पुढे कितीतरी दिवस त्या सायकलचा विषय निघाला की आवाज खाली आणायचे.

गावाचं नाव लिटल बार्सकोम. ऑक्सफर्डच्या पुढे, मोठा रस्ता सोडून झाडीत शिरलं की लागतं. एक चर्च, एक पब, एक व्हिलेज हॉल, आणि बाकी मेंढ्या. दुकान आहे, पण त्यात दूध, ब्रेड आणि मांजराचं खाणं सोडून फारसं काही मिळत नाही. मी लंडनमध्ये एजवेअरला राहते. कोथिंबिरीच्या जुडीसाठी मला कोपऱ्यापलीकडे जावं लागत नाही. त्यामुळे ताईकडे गेले की पहिल्या दिवशी ती शांतता मला फार आवडते आणि दुसऱ्या दिवशी कुणीतरी हॉर्न वाजवावा असं वाटायला लागतं.

भावोजी हे मुळातच काळजी करणारं माणूस. सगळी नोकरी रेल्वेच्या सिग्नल खात्यात गेली. सिग्नलवाल्याने काळजी केली नाही तर गाडीवर गाडी आदळते, हे त्यांचं लाडकं वाक्य. पण त्यांच्या काळजीला खरं कारण मिळालं ते त्यांच्या आधीच्या, लंडनमधल्या हॅरोच्या घरी. दिवाळीचे दिवस होते. आपल्या लोकांच्या घरी सोनं असतं, हे तिकडच्या चोरांना एव्हाना पाठ झालंय. ताई आणि भावोजी फराळाच्या कार्यक्रमाला गेले आणि परत आले तेव्हा मागचं दार मोडलेलं होतं. ताईचं होतं नव्हतं ते सगळं गेलं. राहिल्या फक्त पाटल्या, कारण त्या दिवशी तिने त्या हातात घातल्या होत्या. ताई लग्न होऊन इंग्लंडला निघाली तेव्हा आमच्या आईने विमानतळावर स्वतःच्या हातातून काढून तिच्या हातात चढवलेल्या या पाटल्या. आई आता नाही. म्हणजे त्यांची किंमत काय होती ते वेगळं सांगायला नको.

त्या दिवसानंतर ताईचे हात मोकळे झाले. पाटल्या भावोजींच्या ताब्यात गेल्या आणि त्यांनी त्या लपवायला सुरुवात केली. कधी गिझरच्या मागे, कधी जुन्या बुटात, कधी बागेतल्या कुंडीत. जागा सारखी बदलायची आणि कुणालाही सांगायची नाही. ताईलासुद्धा नाही. दोघांना माहीत असलं की ते गुपित राहत नाही, असं त्यांचं म्हणणं. लग्नकार्य आलं की ताई म्हणायची, द्या हो आजच्या दिवस, आणि भावोजी म्हणायचे, उगाच कशाला रिस्क. ताई खोट्या बांगड्या घालून जायची. मला त्यांचा असा राग यायचा की काय सांगू.

रिटायर झाल्यावर त्यांनी सगळ्या इंग्लंडात कमीत कमी गुन्हे कुठे होतात ते शोधून काढलं आणि लिटल बार्सकोमला घर घेतलं. मला वाटलं, आता तरी माणूस स्वस्थ बसेल. पण दुधाने तोंड पोळलेला ताकसुद्धा फुंकून पितो, आणि आमचे भावोजी तर पाणीही फुंकून पितात. गावात कुणी दाराला कुलूप लावत नाही हे कळल्यावर त्यांना रात्रभर झोप लागली नाही. दुसऱ्याच दिवसापासून ते संध्याकाळी काठी घेऊन फिरायला निघाले आणि प्रत्येक घराच्या दाराची मूठ फिरवून बघू लागले. दार उघडं निघालं की घरच्यांना सांगायचं, कुलूप लावा. आता अनोळखी माणसाने संध्याकाळी दाराची मूठ फिरवली तर लंडनमध्ये काय होईल? इथे आतून आवाज यायचा, "उघडंच आहे, या!" आणि भावोजींना चहा मिळायचा. वयस्कर शेतकरी मिस्टर पिकरिंग तर त्यांची वाट बघत बसायचे. बायको गेल्यापासून त्यांचं दार वाजवणारं दुसरं कुणी नव्हतं. वर्षभरात गावाने भावोजींना नेबरहुड वॉचचं, म्हणजे गावावर नजर ठेवणाऱ्या मंडळाचं, प्रमुख करून टाकलं. कुलपं मात्र कुणीच लावली नाहीत.

हे सगळं सुरळीत चाललं होतं, तेवढ्यात गेल्या सप्टेंबरात मी ताईकडे गेले. जाताना नेहमीप्रमाणे तांदूळ, डाळी, पोहे असं सगळं घेऊन गेले. ताईने नवीन पिशव्या फळीवर लावल्या आणि जुन्या, न उघडलेल्या पिशव्या चर्चमध्ये नेऊन दिल्या. सुगी संपली की तिथे हार्वेस्ट फेस्टिव्हल करतात. गावातले लोक भोपळे, बटाटे, डबे, पाकिटं असं जमेल ते आणून देवापुढे मांडतात आणि नंतर ते गरजूंना वाटतात. ताईला ही पद्धत फार आवडते, आपल्याकडच्यासारखी वाटते म्हणते.

रविवारी व्हिलेज हॉलमध्ये सगळ्या गावाचं जेवण होतं. आम्ही तिघं पोचलो तोच चर्चचं बघणारी सारा हसत हसत समोर आली आणि ताईचे दोन्ही हात धरून आभार मानू लागली. तूरडाळ कशी करायची ते वाटपात कुणाला कळणार नाही, म्हणून तिने त्या डाळीचं सूप केलं होतं. आणि पिशवी ओतताना आतून ती गंमत निघाली तेव्हा ती इतकी खूश झाली म्हणे. इंग्रज लोक नाताळच्या पुडिंगमध्ये नाणं लपवतात, ज्याला मिळेल त्याचं नशीब उघडतं. तशीच तुमच्याकडे डाळीत बांगड्या घालायची पद्धत असणार, किती गोड, असं म्हणत तिने भिंतीकडच्या टेबलाकडे बोट दाखवलं. तिथे रॅफलची, म्हणजे चर्चच्या छपरासाठी ठेवलेल्या लॉटरीची, बक्षिसं मांडली होती. वाइनची बाटली, बिस्किटांचा डबा, घरच्या मार्मलेडची बरणी, आंघोळीचे साबण, मेणबत्त्या, असं बरंच काही, आणि मधोमध एका बशीत आमच्या आईच्या पाटल्या.

ताईने भावोजींकडे पाहिलं. भावोजींच्या तोंडचं पाणी पळालं होतं. त्यांनी दबक्या आवाजात सगळं सांगितलं. त्यांनी डाळीची पिशवी खालच्या बाजूने ब्लेडने उघडून त्यात पाटल्या ठेवल्या होत्या आणि यंत्राने पुन्हा अशी सील केली होती की कंपनीलाही ओळखू येऊ नये. ते सांगताना त्यांच्या आवाजात थोडासा अभिमानही होता, हे मी मुद्दाम नोंदवते. कुंपणानेच शेत खाल्लं होतं, आणि तेही किती सफाईने.

"मग जा आणि सांगा साराला," ताई म्हणाली.

"अगं, हळू. सगळ्या हॉलला कळेल की आपल्या घरात गोल्ड आहे. एकदा बाहेर पडलं की संपलं. मी तिकिटं घेतो ना."

"घालवल्यात तुम्ही, आता आणाही तुम्हीच," ताई म्हणाली आणि सूपच्या टेबलाशी जाऊन पाठ करून बसली. तिचे खांदे हलत होते. मला आधी वाटलं रागाने, पण ती रडत होती. मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि भावोजींना मनातल्या मनात जे काही म्हणाले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

भावोजींनी तिकिटं घेतली. मग आणखी घेतली. मग तिकिटं विकणाऱ्या बाई म्हणाल्या, चर्चच्या छपरासाठी तुम्हाला इतकं वाटतं हे बघून भरून येतं. सोडत सुरू झाली. नंबर लागेल त्याने टेबलापाशी जाऊन हवी ती वस्तू उचलायची. पहिल्याने वाइन घेतली. दुसरीने बिस्किटं. तिसऱ्या बाईंनी पाटल्या उचलल्या, खालीवर करून पाहिल्या आणि खाली ठेवून साबण घेतले. आपलं बावीस कॅरेटचं पिवळंधमक सोनं इंग्रज माणसाला खोटंच वाटतं, त्यांचं सोनं फिकट असतं ना. त्यात या पाटल्यांवर डाळीला चोळलेल्या तेलाचा थर बसलेला. असे एकेक जण उठत होते, आणि माझ्या आईच्या पाटल्यांपेक्षा त्यांना मेणबत्ती बरी वाटत होती. मला हसू यायला लागलं. ताईलाही. डोळे पुसता पुसता ती हसू दाबत होती.

भावोजींचा नंबर मात्र काही लागेना. त्यांच्या हातात तिकिटांचा झुपका आणि कपाळावर घाम. मग मिस्टर पिकरिंग यांचा नंबर आला. म्हातारा सावकाश चालत गेला, मार्मलेडवरून नजर फिरवली, पाटल्या उचलल्या, त्यातून हाताची दोन बोटं घालून पाहिली आणि खिशात टाकल्या. शेजारच्याने विचारलं, तुला काय करायच्यात? तर म्हणाले, स्वयंपाकघरातल्या पडद्यांना अडकवायला बऱ्या आहेत.

आमच्या आईच्या पाटल्या पडद्याला! मी उठणारच होते, पण भावोजी आधी उठले. खुर्ची मागे पडली. सगळा हॉल त्यांच्याकडे बघायला लागला.

"मिस्टर पिकरिंग, प्लीज, थांबा. ते सोनं आहे. खरं सोनं. माझ्या सासूबाईंचं."

मग जो माणूस स्वतःच्या बायकोलाही जागा सांगत नव्हता, त्याने सगळ्या गावाला सगळं सांगितलं. कुठे लपवल्या, का लपवल्या, पिशवी कशी सील केली. हॅरोच्या घराचं मोडलेलं दार, उलटे पडलेले ड्रॉवर आणि जमिनीवर बसलेली ताई, हे त्यांनी इतक्या वर्षांत गावात कुणालाच सांगितलं नव्हतं. शेवटी ते म्हणाले, "मी रोज तुमच्या दारांच्या मुठी फिरवतो ना, ते तुमच्यासाठी नाही. मला भीती वाटते म्हणून." आणि खाली पडलेली खुर्ची शोधत उभे राहिले. मला पहिल्यांदाच त्यांचा राग आला नाही. उलट उठून त्यांना खुर्ची द्यावीशी वाटली, आणि मी दिली.

मिस्टर पिकरिंग ताईसमोर आले. दोन्ही पाटल्या आपल्या राठ तळहातावर ठेवून त्यांनी पुढे केल्या आणि गंभीरपणे विचारलं, "मग त्याऐवजी मी मार्मलेड घेतलं तर चालेल का?" आणि मग सगळा हॉल जो हसत सुटला तो थांबेचना. सारा तेवढी लालबुंद होऊन उभी होती. पाटल्यांचा चिकटा जाईना म्हणून तिने त्या तारेच्या घासणीने घासायला घेतल्या होत्या म्हणे, बरं झालं कंटाळून सोडल्या.

ताई पाटल्या चढवायला लागली, पण इतक्या वर्षांत हात भरले होते. पाटली अंगठ्यापाशी अडली. तेवढ्यात सारा तिला स्वयंपाकघरात ओढून घेऊन गेली, मागून आणखी दोघीतिघी आल्या. एकीने भांडी घासायचा साबण ताईच्या हातावर ओतला, दुसरीने मनगट धरलं, तिसरी म्हणाली, श्वास सोड. कासाराकडे बांगड्या भरताना बायका जमतात, तशा त्या सिंकपाशी जमल्या होत्या. ताई दुखतंय म्हणून ओरडत होती आणि हसतही होती. एक पाटली सरकली, मग दुसरी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

ती बाहेर आली तेव्हा भावोजी दाराशी उभे होते. सवयीने त्यांचा हात पुढे आला.

"दे, मी ठेवतो. आता सगळ्यांना कळलंय, देवयानी. आता कुठे ठेवायच्या?"

"हातात," ताई म्हणाली. "सगळ्या गावाला माहीत आहेत ना आता? मग राहू देत सगळ्यांच्या नजरेसमोर."

भावोजींनी ताईच्या ओल्या, साबणाच्या वासाच्या हाताकडे पाहिलं, तो हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही.