शेऱ्याच्या रकान्यातली बायको

टिकटिकराव मला पहिल्यांदा भेटले ते भर रस्त्यात. त्या एका भेटीत त्यांनी माझ्याकडून जेवढी माहिती काढून घेतली तेवढी लग्न ठरवताना माझ्या सासऱ्यांनाही मिळाली नव्हती. मी बस पकडायला धावत होतो आणि छातीशी पुठ्ठा धरलेला एक काटकुळा गृहस्थ मला आडवा आला.

"कुठून आलात?" सांगितलं. "कुठे निघालात?" तेही सांगितलं. "कशासाठी?" इथे मात्र मी अडखळलो. अठरा वर्षं मी त्याच ऑफिसात जात होतो, पण कशासाठी, हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. मग प्रश्नांची झड लागली. घरात माणसं किती, चाकं किती, बसमध्ये उभं राहण्याची तयारी फार, थोडी की अजिबात नाही? तिसऱ्या पानावर पोचेपर्यंत मी धाकट्या भावाशी का बोलत नाही, हेही त्यांना सांगून मोकळा झालो होतो. तेवढ्यात माझी बस आली, थांबली आणि निघून गेली. त्यांनी एकदा बसकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि 'प्रवासाचे साधन' यापुढे लिहिलं : पायी.

हे गृहस्थ शहराच्या वाहतूक नियोजन कार्यालयात पाहणी करण्याचं काम करतात आणि आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायला आलेत, हे संध्याकाळी जिन्यात कळलं. त्यांच्या मुठीत मावेल एवढं एक मोजणीचं यंत्र असे. अंगठ्याने दाबलं की टिक् वाजायचं आणि आकडा एकाने वाढायचा. ऑफिसची वेळ संपली तरी अंगठा काही थांबत नसे. गच्चीवर गप्पा मारतानाही खाली रस्त्यावरून जाणाऱ्या सायकली ते मोजत असत. आमच्या हिने त्यांना टिकटिकराव म्हणायला सुरुवात केली आणि महिन्याभरात त्यांचं खरं नाव पोस्टमनसुद्धा विसरला.

स्वस्थ बसणं हा प्रकार त्यांना ठाऊक नव्हता. खुर्चीच्या टोकावर बसत, चहा अर्धा पीत, खिडकीपाशी जात, परत येत. "अहो, बसा की जरा," मी म्हणायचो. "बसतो, बसतो," म्हणत ते पुन्हा उठायचे.

या अस्वस्थतेला कारण होतं. त्या वर्षी त्यांच्या कार्यालयात पुढच्या वीस वर्षांचा शाश्वत वाहतूक आराखडा शिजत होता. खाजगी गाड्या कमी करायच्या, बस वाढवायच्या, चालणाऱ्याला चालायला जागा द्यायची, असा बेत होता. मी एकदा ते कार्यालय पाहून आलो. भिंतीवर शहराचा नकाशा होता. शहर वाढेल तसे त्याला कागद जोडत गेले होते आणि भिंत संपल्यावर उरलेली पूर्व दिशा दारावर चिकटवली होती. आमची वसाहत दारावर होती. कुणी दार उघडलं की आम्ही सगळे बाहेरच्या बोळात. ते दार साहेबांच्या खोलीचं आणि दिवसभर उघडंच असे.

टिकटिकरावांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, शहराच्या दुसऱ्या टोकाच्या इस्पितळात परिचारिका होत्या. सकाळी सातला हजर व्हायचं म्हणजे सव्वापाचला घर सोडायचं, कारण आमच्याकडची बस आधी शहराच्या मध्यात जाई, तिथे बदलायची, पुढे आणखी एक बदलायची. बाहेरून, नदीकाठच्या रस्त्याने थेट गाडी गेली तर पस्तीस मिनिटांचा मामला. इस्पितळाला लागूनच वहिनींच्या थोरल्या बहिणीचं घर होतं. एके दिवशी वहिनींनी आमच्यासमोरच निकाल दिला.

"अहो, हे आराखड्याचं जे काय चाललंय त्यात पहिल्या टप्प्यात ती गाडी आली तर ठीक. नाहीतर मी ताईकडे राहायला जाते. तुम्ही या रविवारी."

"कुठल्या रविवारी?" टिकटिकरावांनी विचारलं.

"दर रविवारी हो! मोजायला काय झालं?"

टिकटिकराव त्या दिवशी सात वेळा खिडकीपाशी गेले.

अडचण अशी की गाडी मंजूर व्हायची तर थांब्यावर तासाला तीनशे माणसं दिसायला हवीत. आणि कार्यालयाचा नियम म्हणजे नियम. थांब्याच्या खांबापासून दहा फुटांच्या आत उभा असेल तोच प्रवासी, बाकीची जनता. टिकटिकरावांनी स्वतः आमच्या थांब्यावर मोजणी केली. भरली अकरा. त्यातले दोघे सावलीला उभे होते.

"थेट बस येत नाही म्हणून थांब्यावर कुणी उभं राहत नाही," ते मला सांगत होते, बोलताना जिना चढत होते आणि उतरतही होते. "कुणी उभं राहत नाही म्हणून बस द्यायची नाही! साहेब म्हणतात मागणी नाही. अहो, मागणी स्कूटरवर बसून गेली ना!"

"मग दोनशेएकोणनव्वद वाढवून टाका," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी दोन पायऱ्या खाली उतरलो.

वाढवण्यातले ते नव्हतेच. त्यांनी घरोघर जाऊन विचारायचं ठरवलं. नियमांच्या पुस्तकात शोधून शोधून 'पूरक पाहणी' नावाची एक वाट त्यांनी काढली आणि पाच रविवार मला मागे लावून सगळी वसाहत पालथी घातली. लोकांनी आम्हाला पंप विकणारे समजून दारं लावली, जावई समजून उघडली. एका आजोबांनी "कशासाठी जाता?" या प्रश्नावर पाऊण तास घेतला. शिंप्याने माप घेता घेता उत्तरं दिली. टिकटिकराव एका घरातून निघायच्या आत दुसऱ्याची बेल वाजवत. आराखड्याची मुदत महिनाअखेर होती आणि त्यांना जेवण जाईना. शेवटी बेरीज आली : शहराच्या त्या टोकाला रोज सकाळी तासाभरात जाणारी माणसं चारशे बारा. पायी, स्कूटरवर, कुणाच्या तरी गाडीत कोंबून, पण चारशे बारा!

मी त्यांना मिठी मारली. ते मिठीतही चुळबुळत होते.

कागद जमा करायच्या आदल्या दिवशी मी सहज शेवटचं पान पाहिलं. तळाशी 'शेरा' नावाचा रकाना होता आणि त्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं : 'सदर मार्गाचा लाभ पाहणी करणाऱ्याच्या पत्नीस होणार आहे.'

"हे काय?"

"खरं आहे."

"खरं आहे म्हणून लिहायचं? कुणी विचारलं होतं?"

"रकाना रिकामा होता," टिकटिकराव म्हणाले.

मी हात जोडले, समजावलं, शेवटी ओरडलो. ते फक्त म्हणाले, "रिकामा रकाना ठेवलेला कागद मी आजवर दिला नाही हो." आणि दिला.

साहेबांनी चारशे बारा वाचले नाहीत, शेरा वाचला. हितसंबंध आहे म्हणून पाहणी रद्द झाली आणि फेरमोजणीला दुसरा माणूस आला. तो थांब्यावर खांबापासून दहा फूट मोजून उभा राहिला. त्याला नऊ मिळाले. आराखड्यावरच्या जाहीर सुनावणीच्या दिवशी शाश्वत वाहतुकीवर बोलायला सात अधिकारी सात गाड्यांतून आले आणि आमची गाडी दुसऱ्या टप्प्यात ढकलून, गाड्या लावायला जागा नाही म्हणून लवकर गेले.

त्या संध्याकाळी टिकटिकरावांनी घरी सगळं सांगितलं. मी दारात उभा होतो, म्हटलं भांडण झालं तर मध्ये पडू. वहिनींनी शेऱ्याची प्रत हातात घेऊन दोनदा वाचली.

"पत्नीस," त्या म्हणाल्या. "निदान नाव तरी लिहायचं."

"नावाला जागा नव्हती," टिकटिकराव म्हणाले, खिडकीपाशी जाऊन आले, म्हणाले, "पुढच्या आराखड्यात..."

"भरा आता ती बॅग. बसू नका. तसेही तुम्ही बसत नाहीच."

वहिनी ताईकडे राहायला गेल्या. टिकटिकरावांनी रविवारची वाट पाहण्याचा प्रयत्न तीन आठवडे केला आणि चौथ्या बुधवारी तेही गेले. त्यांच्या घरात आता एक दातांचे डॉक्टर राहतात. नदीकाठची गाडी दुसऱ्या टप्प्यात आहे. दुसरा टप्पा अजून सुरू झालेला नाही.