लिंबाला पाणी, काजीला पाणी

आमच्या परळच्या चाळीमागे, कंपाउंडची भिंत आणि संडासांची रांग यांच्यामध्ये, जेमतेम दोन खाटा मावतील एवढी माती होती. त्या मातीवरून माझ्या आईवडिलांचं आयुष्यभर वाजलं. गिरणी बंद पडल्यावर बाबा एका इमारतीत वॉचमन झाले, आई डबे करून द्यायची. दोघंही कोकणातली, आणि झाडांतलं आपल्यालाच कळतं याची दोघांनाही खात्री. आईचं लिंबू होतं आणि बाबांची काजी. काजूच्या झाडाला आमच्याकडे काजी म्हणतात.

लिंबू निळ्या ड्रममध्ये होतं आणि ते लाडावलेलं कार्टं होतं. त्याला रोज पाणी लागे, वरचेवर शेणखत लागे, आत घुसलेल्या फांद्या छाटाव्या लागत. कोवळ्या पालवीवर पक्ष्याच्या शिटेसारख्या दिसणाऱ्या अळ्या बसत, त्या आई चष्मा लावून चिमटीने वेचायची. मासळीच्या दिवशी शेजारणी बांगडे धुतलेलं पाणी आणून द्यायच्या, तेही ड्रममध्ये जायचं. मागच्या खोल्यांतली माणसं वासाने बेजार व्हायची, पण लोणच्याची वाटी घरी पोचली की तक्रार बंद. बाबा म्हणायचे, फुलं यायच्या आधी थोडे दिवस पाणी तोड, मग बघ कसं लगडतं. आईला ते कधी जमलं नाही. पानं जरा मिटली की तिचा जीव कासावीस व्हायचा आणि ती तांब्या घेऊन मागे जायची.

"माणसाक तान लागता, मग झाडाक लागाची नाय?" असं ती बाबांना विचारायची. बाबा बिडी शोधत बाहेर जायचे.

काजीचं सगळं उलटं. बाबांनी गावाहून बी आणून जागेवरच पेरलं, कारण काजीचं मूळ सरळ खोल जातं आणि ते उपटून दुसरीकडे लावलेलं तिला खपत नाही. भिंतीलगत रेती, मुरूम आणि विटांचे तुकडे घालून त्यांनी उंचवटा केला, पाणी थांबू नये म्हणून. पहिले दोन उन्हाळे बेताचं पाणी, पावसाच्या तोंडावर खत, मोहोरावर ढेकण्या किडा पडला तर तेवढी फवारणी. मोठी झाल्यावर तिच्या वाटेला जायचं नाही. उन्हाळ्यात तिच्या ओल्या काजूगरांची उसळ व्हायची आणि चिकाने आईच्या बोटांची सालं निघायची. ह्यांनी पोरीलाही असंच वाढवलं, पेरलं आणि विसरले, असं आई मला ऐकवायची. ते काही खोटं नव्हतं, पण मला बाबांची ती तऱ्हा आवडायची. आईच्या मायेत माणूस गुदमरतो.

मग बाबांच्या किडन्या गेल्या. डायलिसिस सुरू झालं आणि डॉक्टरांनी पाण्यावर बंधन घातलं. दिवसभरात एक लहान बाटली, आणि चहा, आमटी, पेज सगळं त्यातच धरायचं. शरीराबाहेर पाणी जायला वाट उरली नव्हती, त्यामुळे जास्तीचा प्रत्येक घोट आत साचणार होता. लिंबाचं सरबत बंद, काजूही बंद. दोन्ही झाडांचं काहीच त्यांना चालणार नाही हे ऐकून मला दवाखान्याच्या जिन्यात हसू आलं, आणि मग रडू आलं.

मी दादरला राहते. ऑफिस सुटलं की रोज परळला जायचे. बाबांचे पाय सुजलेले दिसायचे, आणि आई नजर चुकवायची. एकदा त्यांच्या उशीजवळ कोकमाच्या साराचा पेला सापडला. मी इतकी ओरडले की गॅलरीतली माणसं आत डोकावली. "तू मारशील त्यांना," मी म्हटलं.

"ओठ फुटलेत त्यांचे. तू येतेस ऑफिसातून आणि जातेस. दिवसभर मी बघते," आई म्हणाली.

वैशाखात बाबांच्या फुप्फुसात पाणी भरलं आणि त्यांना अ‍ॅडमिट करावं लागलं. श्वास घेताना त्यांच्या छातीतून हुक्क्यासारखा आवाज यायचा. आई दिवसभर खाटेशेजारी बसायची, पण तिथे नर्सच्या डोळ्यांदेखत तिला एक थेंब देता येत नव्हता. घरी परतली की ती बादल्या भरून मागे न्यायची. लिंबाला द्यायचीच, आता काजीलाही देऊ लागली. बाबांना देता येत नाही ते तिने काजीला पाजलं, असंच मला आजही वाटतं. पानं मलूल झाली तेव्हा तिने पाणी वाढवलं. शेजारणींनीही हातभार लावला, मासळीचं पाणी त्या उंचवट्यावर ओतलं. आजारी माणसाचं झाड म्हणून प्रत्येकीने कळवळ्याने ओतलं.

बाबा घरी आले ते भिंतीला धरून आधी मागे गेले. काजीची पानं तपकिरी होऊन फांद्यांवरच लोंबत होती. त्यांनी मला बुंध्याजवळ उकरायला लावलं. माती काळी, चिकट निघाली आणि मूळ बोटाने दाबलं तर साल हातात आली. कुजका वास सुटला.

"सुकत होती म्हणून घातलं मी," आई म्हणाली.

"सुकली नाय गो," बाबा म्हणाले. "बुडाली."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, आईने दोन शब्द उलटे सुनावले असते आणि प्रकरण मिटलं असतं. तिने आत जाऊन ओट्यावरचा त्यांचा तांब्या उचलला आणि वर माळ्यावर टाकला.

त्या दिवसापासून आई दुसरीच बाई झाली. ती लहान बाटली तिच्या कनवटीला असल्यासारखी तिच्याजवळच असायची. ती औषधाच्या झाकणाने पाणी मोजायची. बाबा "वाईच पाणी दी गो" म्हणायचे, ती "नाही" म्हणायची आणि भिंतीकडे तोंड करून भाजी चिरत बसायची. तिच्यासारख्या बाईला तो एक शब्द किती जड जात असेल ते मला दिसत होतं. सूज उतरली. डॉक्टरांनी तिचं कौतुक केलं. मीही केलं. बाबा पावसाळा काढून दिवाळीपर्यंत आले ते तिच्या त्या कठोरपणामुळेच.

दिवाळीनंतर त्यांना डायलिसिस सोसेना. मशीन लावलं की प्रेशर खाली जायचं. शेवटी डॉक्टरांनी आम्हाला बाजूला बोलावलं. आता थांबवू या, म्हणाले. घरी न्या, मागतील ते द्या. पाणीसुद्धा, हवं तेवढं.

टॅक्सीत आई ती लहान बाटली मांडीवर धरून बसली. घरी आल्यावर म्हणाली, "हा डॉक्टर नवीन आहे. ह्याला काय माहीत."

मी समजावलं, चिडले, हात जोडले. आता पाण्याने काही बिघडायचं नाही, हे तिच्या डोक्यात शिरेना. की शिरलं होतं आणि तिला ते मान्य करायचं नव्हतं, कारण मान्य केलं की बाबा जाणार हेही मान्य करावं लागलं असतं? मी पेला भरला की ती माझं मनगट धरायची. बाबा पाणी मागायचे, ती झाकणभर द्यायची आणि पदराने त्यांची हनुवटी टिपायची. तिचा डोळा लागला की मी चमच्याने पाजायचे, पण तोवर त्यांना धड गिळता येत नव्हतं. शेवटी शेवटी त्यांनी मागणंच सोडलं. तिला त्रास नको म्हणून असेल.

ते एका दुपारी गेले. चाळीतली माणसं जमली, चटईवर त्यांना खाली घेतलं. शेजारच्या काकूंनी फुलपात्रात गंगाजल आणलं, त्यात तुळशीचं पान टाकलं आणि तोंडात पाणी घालायला आईच्या हातात चमचा दिला.

आई वाकली. चमचा भरला, परत थोडा रिकामा केला, आणि माझ्याकडे बघून हळूच विचारलं, "किती घालू?"