एका पानावर न येणारा फोटो

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, आधीच सांगते. माणसांवरही फारसा नाही — दूधवाल्याचं मापसुद्धा मी घरात आणून पुन्हा मोजायचे. तेव्हा पुढचं वाचून हसायचं असेल तर खुशाल हसा...

गुडगावात काचेच्या इमारती नुकत्याच उभ्या राहत होत्या, तेव्हाची गोष्ट. मी नोएडात एका कंपनीत प्रिंटर सपोर्टला होते. घर दिल्लीत, आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये. बाबा आमच्या मराठी मंडळाच्या वधू-वर मेळाव्याचे सचिव. स्थळांचे फॉर्म त्यांच्याकडे यायचे आणि पुस्तिका मी शनिवारी ऑफिसात छापायचे. त्यातलं एक स्थळ बाबांनी पुस्तिका निघण्याआधीच माझ्या धाकट्या बहिणीसाठी, वैशालीसाठी, घरी बोलावलं. सचिवपदाचा तेवढाच काय तो फायदा! मुलगा गुडगावात इंजिनिअर. आईवडील नागपूरला, म्हणून एकटाच आला. पोहे दोनदा मागून घेतले. वैशाली तर हवेतच होती. रविवारी बाबा फोनवर होकार कळवणार होते.

शनिवारी दुपारी मी पानं छापायला घेतली. मजकूर आणि फोटो एकत्र असले की प्रिंटर वेळ घेतो, हे मला ठाऊक होतं — पण मिनिटभर. या मुलाचं पान मात्र अर्ध्यावर येऊन थांबायचं. प्रिंटरची मेमरी पाहिली, ड्रायव्हर सॉफ्टवेअर बदललं, फोटो पुन्हा स्कॅन केला, मजकूर पुन्हा टाइप केला. दुसरा प्रिंटर जोडला... तेच. नुसता मजकूर — झटकन. नुसता फोटो — झटकन. त्याच्या मजकुरावर दुसऱ्याचा फोटो लावला, पान बाहेर. त्याचा फोटो दुसऱ्याच्या मजकुरावर लावला, तरी बाहेर. फक्त हा फोटो आणि हा मजकूर एकत्र आले की घोडं अडायचं.

शेजारच्या टेबलावरचे यादवजी बघत होते. "मैडम, छोड़िए," ते म्हणाले, "ये दोनों साथ आना ही नहीं चाहते."

ते थट्टेत बोलले. मी मात्र तो फोटो पर्समध्ये टाकला आणि निघाले.

घरी येऊन म्हटलं, "बाबा, उद्या फोन करू नका. आधी त्याच्या ऑफिसात जाऊन या."

"प्रिंटर अडला म्हणून? वेड लागलंय का तुला?"

"ताई, तुला कुणाचं बरं बघवतच नाही," वैशाली म्हणाली. फार लागलं मला ते. तरी मी हटले नाही.

माझी कटकट थांबावी म्हणून सोमवारी बाबा गेले. रिसेप्शनवर मुलाचं नाव सांगितलं. बाहेर आला तो भलताच माणूस — नाव तेच, डिग्री तीच, कंपनी तीच. बाबांनी त्याला फोटो दाखवला.

"हा? हा माझा मावसभाऊ. नोकरी नाही, काही नाही. माझी माहिती दिली याने? अहो काका, माझं तर लग्न झालंय!"

वैशाली आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. मग पुढच्या स्थळाचा फॉर्म घेऊन स्वतःच ऑफिसात आली. "ताई, छाप," म्हणाली आणि घड्याळाकडे बघत उभी राहिली. मिनिटभरात पान आलं. त्याच मुलाशी तिचं लग्न झालं, छान चाललंय.

प्रिंटरला काय कळलं, कसं कळलं... मी कितीजणांना विचारलं, कुणालाच सांगता आलं नाही. माझ्याही लग्नाला आता बरीच वर्षं झाली. नवरा भला माणूस आहे. त्याचा तेव्हाचा बायोडेटा कपाटात आहे, फोटोही आहे, घरात प्रिंटरही आहे. पण ती दोन्ही एका पानावर मी अजून छापून पाहिलेली नाहीत. हिंमतच होत नाही.