ब्रॉडबँड घेतलं तेव्हा

मिरजगावात आम्ही भाड्याने राहायचो तेव्हा मी घरून टायपिंगचं काम करायचे. दिवसभरात टाइप केलेलं संध्याकाळी बरोबर सातला पुण्याच्या ऑफिसला पाठवायचं, असं ठरलेलं होतं. इंटरनेट तेव्हा फोनच्या तारेवरूनच लागायचं. मोडेम आधी नंबर फिरवायचा, मग किंचाळायचा, खरखरायचा, आणि जोडणी झाली की गप्प व्हायचा.

एका संध्याकाळी त्या किंचाळण्याच्या मागून एका बाईचा आवाज आला. "बोल रे. ऐकतीय मी."

नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "क्रॉस कनेक्शन असेल." पण मग ते रोजचंच झालं. ती बाई चिडायची नाही, कोण आहे म्हणून विचारायची नाही. कुणाची तरी समजूत काढल्यासारखी बोलायची. "रडू नको. जेवलास का?" मोडेम शांत झाला की तीही थांबायची. त्या वेळी घरात मी एकटीच असायचे. सात वाजत आले की मला धास्ती वाटायची. त्यात लाइन सारखी तुटायची, फाइल पुन्हा पाठवावी लागायची.

शेवटी ब्रॉडबँड घेतलं. नवा मोडेम, डिपॉझिट, दरमहा भाडं. माझी जवळजवळ दोन महिन्यांची कमाई त्यात गेली. लाइनमनने खांबावरची डबी उघडून तारांचे जोड नव्याने केले. मी त्याला त्या आवाजाबद्दल सांगितलं, तो नुसता हसला. त्या दिवसापासून फाइल चुपचाप जायला लागली. सुटले बाई, असं वाटलं.

पंधरा दिवसांनी लाइनमन परत दारात. या वेळी हसत नव्हता.

"मॅडम, तुमची तार ज्या मावशींच्या तारेला चिकटली हुती ना, त्या रोज आमच्या ऑफिसात येत्यात. फोन चांगला चालू हाय, पन त्या म्हनत्यात बंद पडलाय. तुमीच जरा समजावून सांगा."

मावशींचं घर आमच्या मागच्याच गल्लीत. फोन स्टुलावर, शेजारी त्यांची खुर्ची. एकुलता एक मुलगा सुप्याला कंपनीत होता, रोज सातला फोन करायचा. आदल्या वर्षी रस्त्यावरच्या अपघातात तो गेला.

"तरीबी मी सातला फोन उचलायचे," त्या म्हणाल्या. "मग एक दिवस आला की गं तो. आधी लई वरडायचा. माझा आवाज ऐकला की गप व्हायचा."

मला खोटं बोलवेना. "मावशी, ते माझं मशीन होतं. मीच काढून टाकलं ते."

त्यांनी फोनवर हात ठेवला. "मशीन तुझं आसंल, पोरी. पन रडत कोन हुतं?"

जुनं कनेक्शन परत घ्यावं असंही मनात येऊन गेलं. पण तारा आता वेगळ्या झाल्या होत्या. माझ्याकडचं काही त्यांना ऐकू गेलं नसतं. म्हणून दुसऱ्या दिवशी सातला मीच त्यांना फोन लावला.

"मावशी, मी बोलतेय. मागच्या गल्लीतली."

"थांब जरा," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "आधी त्याचं हू दे."

मी रिसीव्हर कानाला लावून थांबले. तारेवर कसलाही आवाज नव्हता. मावशी मात्र मधूनमधून "व्हय, व्हय" म्हणत होत्या.