म्युझमकाका आणि त्यांची थोरली

म्युझमकाकांच्या ट्रकमध्ये चढायचं तर चपला खालीच काढाव्या लागत. मग त्या ट्रकच्या टपावर कोंबडी बसलेली असो, की टायरात हवेऐवजी मुंग्या असोत. "देवळात घालून जातोस व्हय चपला?" असं विचारून ते माणसाला गप्प करत. विजेच्या खांबांची चौकशी करायला आलेल्या एका साहेबालाही त्यांनी अनवाणी करून केबिनमध्ये बसवलं होतं. खांब राहिले बाजूला, साहेब भोंगा वाजवून परत गेला.

हे माझे मंद्रूपचे धाकटे काका. उभा जन्म शेंगा आणि ज्वारी भरून विजापूर-सोलापूर रस्त्यावर गेला. लोक म्हाताऱ्या बैलाला दावणीला ठेवून घेतात, तसे यांनी तीन म्हातारे ट्रक घराशेजारच्या मोकळ्या जागेत ठेवून घेतले होते. थोरली, मधली आणि धाकटी. थोरली दुसऱ्या महायुद्धानंतरच्या लष्करी लिलावातली, लांब नाकाची, लाकडी केबिनची. हैदराबादेत एकदा त्यांनी म्युझियम पाहिलं आणि तेव्हापासून या जागेचं नाव 'म्युझम' पडलं. "तितं राजाच्या तलवारी हायत," ते सांगत, "पर एकीनं तरी कांदा कापता येतोय का आता? माजी थोरली बग, अजून बोलती!" आणि रबरी भोंगा दाबत. शेजारची म्हैस न चुकता उत्तर देई.

काकू अक्कलकोटकडची, माहेरची भाषा कानडी. राग आला की ती कानडीत शिरे. गुरं, पोरं आणि काका, तिघांनाही ती "नडी, नडी!" म्हणजे "चल, चल!" असं म्हणूनच हाकत असे. तिचं दुखणं एकच. ती मोकळी जागा मुळात तिचं मळणीचं खळं होती. "माज्या खळ्यात ह्यांनी तीन सवती आणून बसवल्यात," ती येईल त्याला सांगे, "आन मी लोकाच्या खळ्यात मळणीची पाळी धरून बसती!"

माझं लग्न झालं त्या वर्षी तिचा धीर सुटला. तिनं भंगारवाल्याला सांगावा धाडला. काका जेवेनात. शेवटी तोडगा निघाला. खंडेनवमीला गाड्यांची पूजा झाल्यावर थोरली आपल्या पायानं फाटकाबाहेर गेली तर म्युझम राहील. नाही गेली तर दसऱ्यानंतर भंगारवाला येईल आणि खळं मोकळं होईल.

आमच्या घरात नवं जोडपं आधी कुलदैवताला जाई आणि मग म्युझमला. आम्ही सोलापूरच्या सात रस्ता चौकातून निघून नेमके खंडेनवमीलाच पोचलो. मी कडक इस्त्रीची टेरिलिनची पँट घातली होती. बायकोवर छाप पडावी, हा हेतू. काकांनी तिला अनवाणी करून शेजारी बसवलं. "सूनबाई, भोंगा तुमच्याकडं. आन भ्यायचं न्हाई, हिला ब्रेकच न्हाईत!" माझ्या हातात त्यांनी थोरलीच्या नाकात घालून इंजिन चालू करायचं लोखंडी हँडल दिलं. "सायेब, तुमी फिरवा. हापिसात काय फिरवता न्हाईतरी?"

पूजा थाटात झाली. झेंडूच्या माळा, चाकांखाली लिंबं, बंपरवर नारळ. मागे एकदा पूजेच्या गडबडीत धाकटी घसरत तुळशीवृंदावनापर्यंत गेली होती. तेव्हापासून चाकापुढे दगड लावायचं काम काकूकडे होतं. याही वेळी तिनं थोरलीच्या चाकापुढे दगड लावला आणि वर झेंडूचा ढीग पडला. सगळे विसरले. तीही विसरली.

मी हँडल मारलं. हँडलनं मला मारलं. मी झेंडूत उताणा पडलो, आणि लग्नानंतर वडीलमाणसांसमोर मान वर न केलेली माझी बायको खदाखदा हसली. त्या हसण्याच्या जोरावर मी पुन्हा उठलो. थोरली खोकली, शिंकली, काळा धूर सोडला आणि चालू झाली! जमलेल्या गल्लीनं आरोळी ठोकली. काकांनी गिअर टाकला. थोरली नुसती थरथरली. जागची हलेना.

"आगं चल की! चल की बाई माजी!" काकांचा आवाज बारीक होत गेला. इंजिनही अडखळू लागलं. मी पडताना उडालेला चष्मा शोधत चाकाजवळच रांगत होतो, पण मला कसला दगड दिसतोय! दिसला तो काकूला. थोडा वेळ गप्प उभी राहिली असती, तर खळं तिचं होतं. तिनं वर पाहिलं. काका टोपीनं डोळे पुसत होते.

"अय्यो," काकू म्हणाली. पदर खोचला, वाकली, दगड हिसकून फेकला आणि मडगार्डवर थाप मारून ओरडली, "नडी!"

थोरली निघाली. लिंबं चिरडत, माळा उडवत फाटकाबाहेर गेली आणि समोरच्या कडब्याच्या गंजीत नाकापर्यंत शिरून थांबली. गंजीतून भोंगा वाजतच होता. बायको थांबायलाच तयार नव्हती.

"गप बसली असतीस तर खळं मिळालं असतं की," काका रात्री जेवताना म्हणाले.

"मिळणारच हाय," काकूनं भाकरी वाढली. "चालती न्हवं आता ती? सुगीत चालू दे माज्या खळ्यात."

"म्युझमची वस्तू मळणीला?" काकांचा घास हातातच राहिला.

"तलवारीनं कांदा कापाय पायजे म्हणत होता की!"

त्या सुगीत मधली आणि धाकटी कुंपणाला सरकल्या, आणि ज्वारीच्या कणसांवर थोरली गोल गोल फिरली. स्टिअरिंगवर अनवाणी काका, मागे हातात सूप घेऊन "नडी, नडी" करणारी काकू. ते बघायला आसपासच्या गावांतून माणसं आली. म्युझमला एवढी गर्दी कधीच झाली नव्हती. धान्यात माती जाऊ नये म्हणून चपला काढा, असं आता काकूच ओरडत होती.

पुढे काका गेले. दिवसकार्य झाल्यावर भंगारवाला आपणहून दारात आला. काकूनं त्याला चपला काढायला लावल्या. थोरलीत बसवलं. भोंगा दाबायला लावला. म्हशीनं उत्तर दिलं. मग त्याला कपभर चहा पाजून तिनं फाटकाकडे बोट केलं आणि म्हणाली, "नडी."