कुत्र्याचे केस वाळवताना

पोरगी नोकरीला पुण्याला गेली आणि तिचा लांब केसांचा कुत्रा चिखलीला आमच्या गळ्यात पडला. नळाला पाणी येतं त्याच दिवशी त्याची आंघोळ, मग मी ड्रायर घेऊन तासभर फरशीवर. केस वरून वाळलेले दिसतात, पण फणीने उलटे केले की मुळाशी ओलेच. तसे ठेवले तर घरभर कुबट वास. काल पाठ निम्मीच वाळली आणि लाइट गेली. मी कुत्र्यावरच खेकसलो. बायको दारात उभी राहून आपले ओले केस पंच्याने झटकत होती.

“ते मशीन पोरीनं माह्यासाठी आणलं होतं,” ती म्हणाली. “मले अजून एकदाही नाही भेटलं.”