आईला दाखवायचा सिनेमा

माझ्या थोरल्या भावाला अख्खा मेक्सिको ओळखायचा, आणि तो रस्त्यात दिसला की बायका पोरांना पोटाशी धरायच्या. बाप्तिस्म्याचं नाव क्रेसेन्सियो, घरात चेंचो. पडद्यावर त्याने झोपड्या जाळल्या, विहिरीत विष कालवलं, भर लग्नातून नवऱ्या पळवल्या. घरी मात्र कोंबडी कापायची वेळ आली की हा पठ्ठ्या मागच्या दाराने पसार. कोंबडी कापायची मी, आणि मोलेच्या रश्श्यावर ताव मारायला हा पहिला.

सगळा घोळ खेचराने केला. चेंचो लहान असताना खेचराने लाथ घातली, डावी भुवई फाटली आणि आईने ती घरच्या घरी सुईदोऱ्याने शिवली. आईचं शिवणकाम म्हणजे काय सांगू, पोत्याचं तोंड शिवावं तसं. भुवई वर ओढली गेली ती कायमची. तेव्हापासून तो नुसतं "मीठ दे" म्हणाला तरी समोरच्याला धमकी दिल्यासारखं वाटायचं.

आमच्या आपानच्या माळावर तेव्हा सगळी घरं घायपाताची दारू, पुल्के, विकून जगायची आणि आमच्या घरात खाणारी तोंडं जास्त होती. मिसरूड फुटल्यावर चेंचो राजधानीला गेला, तिथे स्टुडिओत सामान वाहायला लागला. एक दिवस दरोडेखोराचं काम करणारा नट तापाने आडवा झाला, आणि कपाट पाठीवर घेऊन चाललेल्या चेंचोवर दिग्दर्शकाची नजर पडली.

"अरे, याला बघा! याला तर रंगसुद्धा लावायला नको!"

बातमी आली तेव्हा आम्ही ग्वादालूपेच्या माऊलीपुढे मेणबत्ती लावली. कसली मेणबत्ती, डोंबल! एकदा दरोडेखोर झालेल्या माणसाला कुणी शिक्षक करत नाही, हे आम्हाला काय ठाऊक? पुढे वर्षानुवर्षं तो दरोडेखोर, मुकादम, सावकार आणि दारुडा नवरा, एवढंच आलटून पालटून होत राहिला. शेवटी नायकाच्या गोळीने मरायचा, आणि लोक खुर्च्या बडवायचे.

गावात त्याचा त्रास व्हायचा तो आईला. सकाळी मका दळायला गिरणीवर गेली की बायका तिची वाटच बघत असायच्या. शेजारची दोन्या रेमेदियोस, म्हणजे रेमेदियोसबाई, सगळ्यांत वरचढ.

"काय हो दोन्या एदुविहेस, काल तुमच्या लेकाने आंधळ्या पोरीचं घर पेटवलं की!"

"अगं, खोटं असतं ते सगळं."

"धूर तर खरा होता बाई!"

सगळ्या हसायच्या आणि सुरुवातीला आईही हसायची.

चेंचोला मात्र हसू येत नसे. आमच्याकडे कुणी तुम्हाला आपल्या बाळाचा धर्मपिता केलं, की त्या घराशी तुमचं जन्माचं नातं जुळतं. चेंचोचं लग्न जमलं नाही, पोरबाळ नाही, म्हणून त्याला धर्मपिता व्हायची फार हौस. आमच्या चुलत बहिणीला, सेनायदाला मुलगा झाला तेव्हा त्याने स्वतःहून विचारलं. तिचा नवरा डोकं खाजवत म्हणाला, "तू लाख चांगला आहेस रे चेंचो, पण पोरगं मोठं होऊन सिनेमा बघेल ना!" चेंचोने मान डोलावली आणि बाळासाठी आणलेला चांदीचा खुळखुळा तिच्या हातात ठेवून आला.

हेही चाललं असतं. पण एका वर्षी दहा मेला, म्हणजे मातृदिनालाच, त्याचा नवा सिनेमा लागला. त्यात तो म्हाताऱ्या आईच्या थोबाडीत मारतो. आता आमच्या देशात पडद्यावर दहा माणसं मारली तर लोक माफ करतात. आईवर हात उचललेला, तोही त्या दिवशी? राजधानीत ट्रामच्या वाहकाने चेंचोला खाली उतरवलं. इथे गिरणीवर आईसाठी कुणी रांगेत जागा ठेवेना. दोन्या रेमेदियोसने तिच्या गालावर हात ठेवून हळूच विचारलं, "तुम्हालाही मारतो का हो? सांगा, आम्ही कुणाला बोलणार नाही."

आई त्या दिवशी मका न दळता घरी आली. चेंचो नाताळला आला तेव्हा ती त्याला म्हणाली, "तू माझ्यावर कधी आवाजसुद्धा चढवला नाहीस. पण मी हे किती जणांना सांगू? मी मरायच्या आत मला पडद्यावर एकदा चांगला माणूस होऊन दाखव. एकदाच. गावासमोर."

"दाखवतो आई," चेंचो म्हणाला. ती भुवई असली तरी त्याचे डोळे भरलेले मला दिसले.

त्याने वर्षभर वाईट कामं नाकारली. चांगली कुणी दिलीच नाहीत. घरमालकिणीच्या दयेवर घेवडा आणि मक्याची तोर्तिया खाऊन राहिला. शेवटी टोपी हातात घेऊन तो जुन्या निर्मात्याकडे गेला. त्याचं नाव कासिमिरो. त्याच्याकडे चेंचोने पाद्र्याचं काम मागितलं.

"तुला पाद्री करू? अरे, तू आशीर्वाद दिलास तर लोक पळत सुटतील!"

"एकदाच करा, मालक. माझ्या आईसाठी."

कासिमिरोने चिरूट चावला. मग त्याने अट घातली. हा एक पाद्री करायचा, त्या बदल्यात चेंचोने जन्मभर दुसऱ्या कुणाकडे काम करायचं नाही आणि खलनायकाशिवाय दुसरं काही मागायचं नाही. चेंचोने सही केली. हे त्याने मला सांगितलं तेव्हा मी त्याला शिव्या घातल्या. "तिने एकदा बघितलं की माझं झालं, हासिंता," तो म्हणाला. "मग मला काय, जन्मभर मारू देत."

सिनेमा गावात आला. आमच्याकडे पुल्केच्या जुन्या कोठारात पडदा लावत, आणि आंबूस वासाची सवय असणारेच आत बसू शकत. आई सणाची काळी रेबोसो शाल अंगावर ओढून पुढच्याच बाकावर बसली. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला टोपी डोळ्यांवर ओढून चेंचो. मागे दोन्या रेमेदियोस आणि तिची सगळी फलटण.

पडद्यावर पाद्र्याच्या झग्यात चेंचो आला आणि कोठार शिट्ट्यांनी दणाणलं. "झग्यात पिस्तूल लपवलंय बघा!" कुणीतरी ओरडलं. पाद्र्याने भिकाऱ्याला ब्लँकेट दिलं. "चोरीचं आहे!" पाद्री गुडघे टेकून प्रार्थना करू लागला. "अरे, दानपेटी सांभाळा!" चेंचो जरासा हसला. मी त्याच्याकडे फारसं बघितलं नाही, मी आईकडे बघत होते. मला तिचा चेहरा फुललेला बघायचा होता. ती पदराच्या टोकाशी चाळा करत पडद्याकडे टक लावून बसली होती.

मग तो प्रसंग आला. तापाने फणफणलेली अनाथ पोरगी खाटेवर पडलेली. पाद्री रात्रभर तिच्या उशाशी बसतो, काढा उकळतो, फुंकर घालून निववतो आणि भांडं तिच्या ओठांशी नेतो. चेंचोने ते फार हळुवार केलं होतं. लहानपणी माझ्या तापात तो असाच बसायचा, तो अभिनय नव्हताच. कोठार एकदम चिडीचूप झालं.

आणि आई उठून उभी राहिली.

"पिऊ नकोस गं पोरी!" ती जिवाच्या आकांताने ओरडली. "सांडून टाक ते!"

मागून सगळं कोठार तिला सामील झालं. पिऊ नकोस, पिऊ नकोस! मी आईचा हात धरून तिला खाली ओढलं. मला तिचा इतका राग आला होता, की मी तिला गदागदा हलवलं असतं. तिने रेबोसो तोंडावर ओढून घेतला होता. पडद्यावर पोरीने काढा संपवला, डोळे मिटले, पुन्हा उघडले आणि पाद्र्याकडे बघून हसली.

चेंचोने टोपी काढून मांडीवर ठेवली होती. लोक त्याला बघत होते, याचं त्याला भान नव्हतं.

"मेली का रे?" आईने पदराआडून त्यालाच विचारलं.

"नाही आई. बरी झाली ती."

"खरंच?"

"खरंच. बघ ना."

आईने पदर बाजूला केला नाही. "मग नंतर मरेल," ती म्हणाली.

चेंचोने तिच्या पाठीवरून हात फिरवला. "हो आई," तो म्हणाला, "नंतर मरेल."